कलगीतुरा, बतावणी, नांदी, डॉल्बी : गाण्याबजावण्यातले शब्द आणि आपल्या बातम्या

पेपर उघडला की कुठल्या ना कुठल्या पानावर "कलगीतुरा रंगला" हे असतंच. महापालिकेची सभा असो, दोन पक्षांचे प्रवक्ते असोत नाहीतर मालिकेतल्या दोन कलाकारांची इन्स्टावरची खडाजंगी असो, भांडणाची बातमी द्यायची म्हटलं की हाच शब्द पुढे येतो. शब्द टिकलाय याचा आनंद आहेच, पण ज्या अर्थाने तो छापला जातोय त्यात त्याचा गाभाच गळून पडतोय असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

कलगी आणि तुरा हे मुळात पगडीवर खोवायचे शोभेचे प्रकार, आणि त्यांच्या नावाने शाहिरांचे दोन पक्ष पडले. तुरेवाले शिवाला म्हणजे पुरुषाला, ब्रह्माला थोर मानणारे आणि कलगीवाले शक्तीला, प्रकृतीला, मायेला. वाद तत्त्वज्ञानातला, पण तो घालायचा गाऊन, डफ-तुणतुण्यावर, अख्ख्या गावासमोर आणि रात्र रात्र. एका फडाने (शाहिराच्या गटाने) भेदिकात, कोडं घालणाऱ्या गाण्यात, सवाल टाकायचा, म्हणजे "लेकीच्या पोटी आई कशी जन्मली" अशा धर्तीचं काहीतरी, पुराणातल्या एखाद्या गोष्टीत नाहीतर वेदान्तातल्या एखाद्या मुद्द्यात लपवलेलं, आणि समोरच्याने त्याची उकल करून जागच्या जागी गाऊन उत्तर द्यायचं आणि वर आपला सवाल ठेवायचा. हाच खेळ राजस्थान-मध्य प्रदेशाकडे तुर्रा-कलंगी नावाने चालतो.

कोकणात, विशेषतः रत्नागिरीकडे, याला शक्ती-तुरा म्हणतात. जाखडी, म्हणजे हा सामना ज्यात रंगतो तो कोकणातला नाच, ज्यांनी बघितलीय त्यांना लगेच डोळ्यासमोर येईल, मधे शाहीर आणि ढोलकी-मृदंगवाले बसलेले, भोवती गोल धरून पायात चाळ बांधलेली पोरं नाचतायत, गण (गणपतीचं स्तवन) झाला, गवळण (कृष्ण-गवळणींचं गाणं) झाली की मग खरी चुरस सुरू होते. त्या वेळी जो फड गात नाही त्याच्याकडे बघा, ती माणसं मान खाली घालून कान टवकारून बसलेली असतात, कारण पेच एखाद्याच शब्दात असतो आणि तो शब्द निसटला तर उत्तर चुकणार. तोडीस तोड, टोमणा, चिमटा सगळं असतं, पण समोरच्याचं ऐकल्याशिवाय तोंड उघडायची सोयच नसते.

माझा सगळा मुद्दा इथेच आहे. कलगीतुऱ्यात उत्तर द्यावं लागतं. टीव्हीच्या पडद्यावर सहा चौकटींत सहा माणसं एकदम ओरडतायत आणि कोणाचं कोणाला ऐकूच जात नाहीये, त्याला कलगीतुरा म्हणू नये. खडाजंगी म्हणा, तू तू मैं मैं म्हणा, वाग्युद्ध म्हणा, हमरीतुमरी म्हणा, मराठीत भांडणाला शब्दांचा तोटा नाही. आणि खरोखर सभागृहात कोणी मुद्द्याला मुद्दा देत, समोरच्याचाच शब्द पकडून त्याच्यावर उलटवत बोलला तर तिथे जरूर "कलगीतुरा" लिहा, तिथे तो शोभतो.

जुगलबंदीचंही थोडं तसंच झालंय. दोन नेते एकमेकांना टोले मारतात आणि हेडिंग येतं "जुगलबंदी". पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अकबर खाँ सतार-सरोद घेऊन बसायचे तेव्हा एकाने सोडलेली जागा दुसरा भरायचा, चढाओढ असायची पण रागाची बढत, म्हणजे विस्तार, दोघांनी मिळून करायची. त्यामुळे हलक्याफुलक्या, एकमेकांना रंगत आणणाऱ्या बोलण्याला जुगलबंदी म्हटलं तर मला काही खटकत नाही. कोर्टकचेरीपर्यंत गेलेल्या वादाला म्हटलं की खटकतं.

आता बतावणी. "पोलीस असल्याची बतावणी करून वृद्धेचे दागिने लंपास", ही बातमी मराठी पेपरात इतक्या वेळा येते की नव्या मुलांना बतावणी म्हणजे फसवणुकीचं कलम वाटत असेल! सोंग करणे, आपण नसलेलं असल्याचं भासवणे हा अर्थ बरोबरच आहे, त्याला चूक कोण म्हणेल. पण तमाशात बतावणी हा अख्खा एक भाग आहे, गण, गवळण, मग बतावणी आणि मग वग, म्हणजे मुख्य नाट्य. सोंगाड्या (विनोदी पात्र) आणि सरदार (फडाचा प्रमुख) यांची प्रश्नोत्तरं, शब्दाचा मुद्दाम वाकडा अर्थ काढायचा, गावातल्या ताज्या घडामोडी घुसडायच्या, सावकारापासून पुढाऱ्यापर्यंत सगळ्यांची फिरकी घ्यायची. आजचे स्टँडअपवाले जे स्टेजवर करतात त्याच्याशी याचं नातं अगदी जवळचं आहे आणि मराठी कॉमेडी शोमधली स्किट बघताना तर सोंगाड्या स्पष्ट दिसतो.

शिवाय बैठकीच्या लावणीत भाव बतावणं असतं ते वेगळंच. यमुनाबाई वाईकर (१९१५ ते २०१८, पद्मश्री २०१२ साली) बसल्या जागेवरून एकच ओळ पुन्हा पुन्हा घ्यायच्या आणि दर वेळी चेहऱ्यावर, नजरेत, हाताच्या बोटांत वेगळा अर्थ. शब्द तेच, एकदा रुसवा, एकदा आर्जव, एकदा नुसती थट्टा. तिथे बतावणी म्हणजे लपवणं नाहीच, असलेलं उलगडून दाखवणं. एकाच शब्दाच्या पोटात भासवणं आणि दाखवणं दोन्ही आहे आणि बातम्यांनी आपल्याला फक्त पहिलंच दिलंय, याचं वाईट वाटतं.

री ओढणे, पालुपद आणि तुणतुणं हे भरभर घेतो. पालुपद म्हणजे दर कडव्यानंतर परत येणारी ओळ, तेव्हा पुढाऱ्याने तेच तेच म्हटलं की "पालुपद", फिट बसतं. तुणतुण्याला एकच तार, एकच सूर, म्हणून "तेच तुणतुणं", हेही ठीक, फक्त तो एक सूर मागे चालू असतो म्हणून शाहिराचा आवाज जागेवर राहतो एवढं लक्षात ठेवावं. आणि री ओढणारा म्हणजे होयबा असं आपण धरून चाललोय, पण पोवाड्यात झीलकरी, म्हणजे मागे साथ गाणारे, ओळ उचलून वर नेतात, "जी जी रं" करतात तेव्हा शाहिराला दम घ्यायला वेळ मिळतो आणि पुढचं कडवं त्यामुळेच जोरात येतं. खुशामतीशी त्याचा संबंध नाही, ते कष्टाचं काम आहे.

नांदीचा वापर मात्र मला सरळ चुकीचा वाटतो. "दुष्काळाची नांदी", "महागाईची नांदी", "युद्धाची नांदी". अहो नांदी शब्दच नन्द् धातूवरून आलाय, आनंद त्याच्या पोटातच आहे. संस्कृत नाटकाच्या सुरुवातीला देवाची स्तुती आणि प्रेक्षकांना आशीर्वाद म्हणजे नांदी. लग्नामुंजीच्या आधी नांदीश्राद्ध करतात तेही मंगलकार्याच्या सुरुवातीचंच. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात संगीत शाकुंतल रंगमंचावर आणलं, त्यातली नांदी आजही नाट्यसंगीताच्या कार्यक्रमात उभं राहून म्हणतात, समोरचे लोक हात जोडतात. असा शब्द दुष्काळाला लावायचा? चाहूल म्हणा, सावट म्हणा, लक्षणं म्हणा. युतीची नांदी, नव्या पर्वाची नांदी हे चालेल. अर्थ बदलतात, भाषा वाहती असते वगैरे मला मान्य आहे, पण चांगला शब्द हाताशी असताना उलटा वापरायचं कारण काय.

आता उलट्या दिशेने आलेले शब्द, म्हणजे बाहेरून येऊन आपल्या मिरवणुकीत मराठी झालेले. कोल्हापूर-सातारा-सांगलीकडे मोठ्या स्पीकरच्या भिंतीला डॉल्बी म्हणतात, "डॉल्बी लावला", "डॉल्बीमुक्त गणेशोत्सव" हे दरवर्षी पेपरात येतं. रे डॉल्बी या माणसाने १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली आणि त्याचं पहिलं मोठं काम काय तर टेपवरची खरखर कमी करणं! पुढे सिनेमाच्या पोस्टरवर ते नाव झळकायला लागलं आणि तिथूनच ते आपल्याकडे दणदणीत आवाजाचं नाव झालं असावं असं मला वाटतं. पुण्या-मुंबईकडे त्यालाच डीजे म्हणतात, मूळ शब्द गाणी लावणाऱ्या माणसाचा, पण आपल्याकडे "पोलिसांनी डीजे जप्त केला" असं वाचलं की माणूस नाही, टेम्पोवरची स्पीकरची भिंतच समोर येते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल एवढीच मर्यादा आहे, ती भिंत उभी राहिली की ही मर्यादा कुठल्या कुठे राहते हे त्या गल्लीत राहणाऱ्याला सांगायला नको.

मला मात्र यात सगळ्यात आवडता शब्द बेंजो. गिरगाव-लालबागच्या बेंजो पार्टीतला बेंजो हा अमेरिकन बँजो नव्हेच, टाइपरायटरसारखी बटणं असलेला बुलबुल तरंग तो. त्याचं मूळ जपानी ताइशोगोतोमध्ये आहे, १९१२ च्या सुमारास नागोयात तयार झालेल्या. आपल्याकडे त्याला पिकअप लावून अँप्लिफायरला जोडला, सोबतीला ढोल-ताशा घेतला आणि कोळीगीतापासून नव्या सिनेमाच्या गाण्यापर्यंत सगळं त्यावर वाजायला लागलं. जपानी वाद्य, अमेरिकन नाव आणि वाजतं अस्सल मुंबईचं. यातले वाजवणारे कानाने गाणं उचलतात आणि नवं गाणं आलं की आठवड्याभरात गल्लीत ऐकू येतं, त्यांच्या हाताला खरंच दाद द्यायला हवी.

विदर्भातल्या मंडळींनी खडी गंमत या तिथल्या लोकनाट्यातले असे शब्द इथे नक्की लिहावेत. आणि सिंधुदुर्गातल्या डबलबारीवाल्यांनीही (डबलबारी म्हणजे भजनाचा सामना), कारण तिथेही दोन बुवा समोरासमोर बसतात, गजर होतो आणि एकाने टाकलेल्या शब्दाला दुसऱ्याला उत्तर द्यावंच लागतं. "बारी देणे", "बारी मारणे" यात तुमच्याकडे फरक करतात का आणि कुठला कधी वापरतात, तेही सांगा.