मदत हवी आहे: गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासऱ्यांचं पोट साफ होत नाही, आणि आता उलटंच सुरू झालंय

वारजेवाली:
नमस्कार मंडळी. विषय जरा अवघड आहे, पण घरात यावर कुणी धड बोलत नाही म्हणून इथे विचारते.

सासरे (आम्ही अण्णा म्हणतो) ७४ वर्षांचे. सगळा जन्म शनिवार पेठेतल्या वाड्यात गेला, वाडा पाडायला घेतल्यापासून वारज्याला आमच्याकडे असतात. उन्हाळ्यात उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गुडघा उत्तम आहे, सोसायटीत फेऱ्या मारतात. पण तेव्हापासून पोट काही साफ होत नाही. तीन-चार दिवस जातच नाहीत, गेले तर नुसते खडे. पाऊण पाऊण तास आत बसतात, कुंथून घामाघूम होऊन बाहेर येतात. दिवसभर चिडचिड. जेवण कमी झालंय, पोट टम्म वाटतं.

आत्तापर्यंत केलेले उपाय: रात्री कोमट पाण्यातून दुकानातलं चूर्ण (पाकिटावर सोनामुखी लिहिलंय), ते एका चमच्याचं दोनावर गेलंय. झोपायच्या आधी दुधातून इसबगोल. नणंद म्हणते एरंडेल द्या. खालच्या काकूंनी काळ्या मनुका भिजवून द्यायला सांगितल्या, त्याही दिल्या. मी पोळी बंद करून ज्वारीची भाकरी सुरू केली, जेवताना काकडी-गाजराची कोशिंबीर वाढवली. फरक शून्य, उलट पोट जास्त फुगतं.

आणि परवापासून वेगळंच. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं पातळ होतंय, कधी कधी कळायच्या आत लेंगा खराब होतो. अण्णांना मेल्याहून मेल्यासारखं होतं, खोलीतून बाहेर येत नाहीत. आमच्या ह्यांचं म्हणणं, चूर्ण जास्त झालं, आता जुलाब थांबवायची गोळी देऊ या. देऊ का?

चालू गोळ्या: बीपीची अ‍ॅम्लोडिपिन, कॅल्शियम, लोहाची गोळी आणि रात्री दुखण्याची एक (त्यावर ट्रॅमाडॉल लिहिलंय). शुगर नाही. पाणी कमीच पितात, कारण रात्री लघवीला उठावं लागतं. सध्या तर सारखेच उठतात आणि होते मात्र थोडीशीच. कुणाला अनुभव असेल तर सांगा. कर्वेनगर, कोथरूड भागातले पोटाचे डॉक्टरही सुचवा.

ताकभात:
ताई, जुलाब होत असतील तर ताक-भात, जिऱ्याची पूड, चिमूटभर हिंग. आमच्याकडे याच्यापलीकडे कधी काही लागलं नाही. केळंही द्या, पिकलेलं.

निवृत्त_स्टेथो:
थांबा. जुलाब थांबवायची गोळी अजिबात देऊ नका, आणि अण्णांना आजच डॉक्टरांना दाखवा.

तुम्ही लिहिलेलं चित्र वयस्कर माणसांत नेहमी दिसतं आणि घरचे नेहमीच फसतात. आधी बरेच दिवस खडे, पोट टम्म, मग अचानक थोडं थोडं पातळ आणि तेही नकळत. हे जुलाब नसण्याचीच शक्यता जास्त. गुदाशयात कोरडा मळ घट्ट बूच होऊन बसतो आणि वरचा पातळ मळ त्याच्या कडेने झिरपत राहतो. वाटतं पोट सुटलं, असतं मात्र तुंबलेलं. यावर थांबवायची गोळी दिली की आतडं आणखी संथ होतं आणि बूच आणखी पक्कं. लघवीला वारंवार आणि थोडी थोडी होणं हेही त्याच गोष्टीकडे बोट दाखवतं, भरलेला गुदाशय पुढे मूत्राशयावर दाबतो. अर्थात या वयात प्रोस्टेटही असू शकतं, म्हणून दोन्ही तक्रारी एकाच वेळी सांगा.

मोठ्या तज्ज्ञाची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत थांबू नका. तुमचे नेहमीचे फॅमिली डॉक्टर गुदद्वारातून बोटाने तपासून बऱ्याचदा दोन मिनिटांत सांगू शकतील. 'तपासून पाहता का' असं स्वतःहून विचारा, संकोचापोटी ही तपासणी फार वेळा राहून जाते. मेडिकलमधून फॉस्फेटचा तयार एनिमा आणून घरी देऊ नका. म्हाताऱ्या माणसाची किडनी थोडी जरी कमी चालत असेल तर त्याने शरीरातल्या क्षारांचा गोंधळ होऊ शकतो. एरंडेल तर नकोच. पुढे वाट बंद असताना मागून जोर लावण्यात अर्थ नाही, नुसत्या कळा येतील. इसबगोल आणि कोशिंबीर आज बंद ठेवा.

उलट्या सुरू झाल्या, पोट ताठ झालं, गॅससुद्धा सरेनासा झाला किंवा ताप आला, तर फॅमिली डॉक्टर वगैरे नाही, थेट हॉस्पिटल.

वारजेवाली:
बापरे. ह्यांनी गोळी आणून ठेवली होती, दिली नाही. संध्याकाळी नेतो. धन्यवाद डॉक्टर.

भिकारदास_मारुती:
डॉक्टरांनी सांगितलंय ते कराच. मी फक्त पाऊण तासाबद्दल बोलतो. अण्णा आत पेपर घेऊन जातात का? पाऊण तासात छोट्या जाहिरातींसकट अख्खं पान होतं. पेपर बाहेर ठेवा. माझे मूळव्याधीचे डॉक्टर म्हणाले होते, दहा मिनिटांत झालं नाही तर उठा, नंतर परत जा. बसून कुंथत राहिलं की खालच्या शिरांवर ताण येतो, मूळव्याध तिथून सुरू होते.

सातच्या_आत:
पेपर नसला तरी हल्ली मोबाईल असतो हो.

घरचा_वैद्य:
सोनामुखीने आतडी कायमची आळशी होतात. एकदा सवय लागली की सुटत नाही. रोज त्रिफळा द्या, आयुर्वेदात सगळं आहे.

निवृत्त_स्टेथो:
सोनामुखीही आयुर्वेदातलीच. आणि तीच सोनामुखी आम्ही अ‍ॅलोपथीवाले सेना नावाने लिहून देतो, तेव्हा भांडण नको. तिने आतडं कायमचं निकामी होतं याला भक्कम पुरावा नाही. बरीच वर्षं घेणाऱ्यांच्या आतड्याच्या अस्तराला काळपट रंग येतो, पण तो निरुपद्रवी असतो आणि औषध बंद केल्यावर जातो. माझी तक्रार वेगळी आहे. चूर्णाच्या चमच्यात सोनामुखी किती ते कुणी मोजत नाही, आणि डोस वाढत जातो तसं मूळ कारण शोधायचं राहून जातं.

इथे कारण गोळ्यांच्या यादीतच दिसतंय. ट्रॅमाडॉल अफूच्या कुळातलं, ते आतड्याची हालचालच मंद करतं. अशा बद्धकोष्ठावर कोंडा आणि इसबगोल वाढवून उपयोग होत नाही, उलट पुढे न सरकणारा माल तेवढा वाढतो. वर लोह, त्यावर कॅल्शियम, दोन्ही कोठा जड करणारी. अ‍ॅम्लोडिपिननेही काहींना त्रास होतो. सगळी पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या आणि यातली कुठली आता बंद करता येईल ते विचारा. ऑपरेशनच्या वेळी लिहिलेल्या गोळ्या पुढे कुणी न विचारता कितीतरी काळ चालू राहतात. मनाने मात्र काही बंद करू नका, बीपीची तर नाहीच.

कोंड्याचा_मांडा:
मी आहारतज्ज्ञ आहे. भाकरीबद्दल एक सांगावंसं वाटतं, कारण पोळी बंद, भाकरी चालू हे दर दुसऱ्या घरात ऐकते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात १०० ग्रॅम गव्हाच्या आट्यात चोथा सुमारे ११ ग्रॅम आहे आणि ज्वारीत सुमारे १०. म्हणजे न चाळलेल्या कणकेची पोळी काही कमी नाही. खरा फरक पडतो तो कणीक मैद्याच्या चाळणीने चाळून कोंडा टाकून दिल्यावर, आणि पांढऱ्या तांदळाने, ज्यात चोथा ३ ग्रॅमही नाही. अण्णांना पोळी आवडत असेल तर खुशाल द्या. आवडीचं अन्न बंद केलं की म्हातारी माणसं एकूणच कमी जेवतात, आणि पोटात गेलंच कमी तर बाहेर काय येणार?

सकाळी चहाबरोबर काय घेतात? खारी, टोस्ट, बटर असेल तर बदल तिथून करा, तो सगळा मैदा.

भिकारदास_मारुती:
सकाळी खारी बंद म्हणजे अण्णा शनिवार पेठेत परत जातील.

कोंड्याचा_मांडा:
रविवारी खाऊ देत की!

वारजेवाली:
अपडेट देते. डॉक्टरांनी तपासलं, निवृत्त_स्टेथो म्हणाले तसंच निघालं. मळ अडकलेला होता. त्यांच्या नर्सिंग होममध्ये एनिमा देऊन सगळं काढलं, अण्णा घरी येऊन शांत झोपले. लघवीचं सारखं उठणंही बरंच कमी झालंय, तरी प्रोस्टेटसाठी सोनोग्राफी सांगितलीय. ट्रॅमाडॉल बंद करून दुखलं तर साधी पॅरासिटामॉल. हिमोग्लोबिन आता चांगलं आहे म्हणून लोहही बंद. लॅक्टुलोजचं पातळ औषध रात्री दिलंय. काल दिलं, आज सकाळी काहीच झालं नाही. चूर्ण परत देऊ का? आणि इसबगोल पुन्हा कधी सुरू करायचं?

निवृत्त_स्टेथो:
छान झालं. लॅक्टुलोज चूर्णासारखं रातोरात काम करत नाही, ते आतड्यात पाणी धरून ठेवतं आणि परिणामाला दोन-तीन दिवस लागतात. थोडा गॅस होईल, चालतं. त्याने फारच फुगलं तर पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर हा पर्याय डॉक्टरांना विचारता येईल. चूर्ण मध्येच घुसवू नका, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही.

इसबगोल डॉक्टर सांगतील तेव्हा, आणि ते द्यायची पद्धत बदला. भुशी स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी शोषते. ते पाणी तुम्ही दिलं नाही तर घशात किंवा आतड्यात गोळा होऊन बसते. एक चमचा, भरलेला पेला पाणी, लगेच प्यायचं, आणि त्यानंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. झोपताना घोटभर दुधातून घेऊन लगेच पाठ टेकणं बरोबर नाही. रात्रीच्या जेवणाआधी द्या. इतर गोळ्यांत आणि त्यात दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळ्याही नीट शोषल्या जात नाहीत.

तळजाई_टेकडी:
पाण्याचा प्रश्न आमच्या वडिलांचाही हाच होता, रात्री उठायला नको म्हणून दिवसभर पाणी नाही. आम्ही वाटणी केली. बरंचसं पाणी दुपारी चारच्या आत, संध्याकाळनंतर अगदी थोडं. दुपारी पातळ ताक, जेवणात आमटी किंवा सार. (हृदयाच्या किंवा किडनीच्या पेशंटला पाणी मोजून द्यायला सांगितलेलं असेल तर हे लागू नाही.)

दुसरं म्हणजे कमोड. वाड्यात अण्णा उकिडवे बसत असणार. उकिडवं बसलं की गुदाशयाभोवतीचा स्नायू सैल पडतो आणि मार्ग सरळ होतो; कमोडवर तो मार्ग वाकडा राहतो. आमच्या फिजिओने पायाखाली वीतभर उंचीचं पक्कं स्टूल ठेवायला आणि पुढे वाकून कोपरं मांडीवर टेकायला सांगितलं. अण्णांचा गुडघा किती वाकतो ते त्यांच्या फिजिओला विचारून मगच करा. खुब्याचं ऑपरेशन झालेल्यांनी तर विचारल्याशिवाय हे करूच नये. स्टूल घसरणारं नको, आणि भिंतीला दांडी बसवून घ्या.

आणि वेळ. सकाळी काहीतरी पोटात गेलं की मोठं आतडं आपोआप हलायला लागतं. नाश्ता झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी, कळ असो वा नसो, दहा मिनिटं बसवायचं. त्या वेळी बाथरूम दुसऱ्या कुणी अडवायचं नाही. आमच्याकडे मुलांच्या शाळेची आणि आजोबांची वेळ एकच होती. मुलांना आधी उठवावं लागलं, बोंबाबोंब झाली, पण जमलं.

वारजेवाली:
अगदी हेच! आमच्याकडे साडेसातला बाथरूमसाठी रांग असते आणि अण्णा 'तुमचं होऊ दे' म्हणत थांबतात. मग कळ जाते. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

निवृत्त_स्टेथो:
आलेली कळ पुन्हा पुन्हा दाबली की पुढे ती जाणवेनाशी होते. खोलीशेजारची बाथरूम सकाळी त्यांनाच देऊन टाका.

एक सांगायचं राहिलं. पन्नाशीनंतर शौचाची सवय नव्याने बदलली, शौचातून रक्त पडलं, वजन उतरलं, हिमोग्लोबिन उगाच घसरलं किंवा घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालेला असेल, तर तपासणी हवीच. अण्णांच्या बाबतीत कारण उघड आहे, पण गोळ्या बदलूनही महिनाभरात गाडी रुळावर आली नाही तर कोलोनोस्कोपीबद्दल विचारा. तसंच, लोहाची गोळी चालू असताना शौचाचा रंग काळा येतो, त्याने घाबरू नका. मात्र डांबरासारखं चिकट आणि घाण वासाचं आलं तर तो रक्तस्राव असू शकतो, लगेच दाखवा. आणि रोज व्हायलाच हवं हा आग्रहही सोडा. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, इथपर्यंत सगळं नॉर्मल धरतात. मऊ आहे का, कुंथावं लागतं का, ते बघा.

वारजेवाली:
हो, ते अण्णांना पटवणं कठीण आहे. ते कॅलेंडरवर खुणा करतात. काल लॅक्टुलोजने मऊ झालं, फार न कुंथता. आता चोथा हळूहळू वाढवा असं डॉक्टर म्हणालेत. पण अण्णा संकष्टी सोडत नाहीत, आणि संकष्टी म्हणजे दोन वेळा साबुदाण्याची खिचडी. मागच्या वेळी त्यानंतरच जास्त अडकलं होतं. काय करू?

ताकभात:
साबुदाणा आमच्याकडेही जडच जातो.

कोंड्याचा_मांडा:
साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, चोथा नावापुरता. उपास मोडायला सांगू नका, पदार्थ बदला. सकाळी उकडलेलं रताळं किंवा रताळ्याचा कीस, दुपारी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, सोबत काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर, तुमच्याकडे उपासाला काकडी चालत असेल तर. राजगिऱ्याची भाकरी किंवा थालीपीठही छान होतं. फळांत पेरू (बिया चावत नसतील तर पपई), आणि मंडईत पुरंदरचे अंजीर आले असतील तर दोन-तीन. चहा कमी, ताक जास्त. बाकीच्या दिवसांत चोथा वाढवताना एका वेळी एकच गोष्ट वाढवा, आठवडाभर बघा, मग पुढची. आधी कोशिंबीर, भाकरी, मनुका आणि इसबगोल सगळं एकदम सुरू झालं होतं, फुगणारच.

आणि चंद्रोदयानंतर उपास सोडताना वरण-भाताबरोबर एखादी पालेभाजी असू द्या. त्यांना अळूचं फदफदं आवडतं का?

वारजेवाली:
जीव की प्राण! पण बटाट्याच्या भाजीशिवाय त्यांचा उपास सुटत नाही. दोन्ही करते.