कॅस्टेलेटेड बीम: टोकाचं पहिलं भोक बुजवायचं की तसंच ठेवायचं?

डिझायनर, जालना
गोदामाच्या मेझनाइनचं (मधल्या मजल्याचं) उदाहरण घ्या. आयएसएमबी ३०० (३०० मिमी खोल, आय आकाराचा बीम) वेबमधून, म्हणजे मधल्या उभ्या पत्र्यातून, नागमोडी कापून, दोन्ही भाग सरकवून पुन्हा वेल्ड करून ४५० मिमी खोल केलेला, त्यामुळं मधे षटकोनी भोकांची रांग, गाळा ६ मीटर, भार सारखा पसरलेला, टोकाचा फॅक्टर्ड शिअर (सुरक्षा गुणक लावलेलं कातरबल) १५० किलोन्यूटन. जोडाला १० मिमी फिन प्लेट (आधाराला वेल्ड केलेली, बीमचा वेब बोल्टनं धरणारी उभी पट्टी), एका ओळीत ८.८ ग्रेडचे २० मिमीचे चार बोल्ट. ६० मिमी एक्सेंट्रिसिटी (बोल्टची ओळ आधारापासून जितकी दूर ते अंतर) धरून कडेच्या बोल्टवर ५९ किलोन्यूटन येतात, ७.५ मिमी वेबचं बेअरिंग (बोल्टचा भोकाच्या कडेवरचा दाब) ७४ घेतं. जोड पास, आणि बहुतेकांचा हिशोब इथंच थांबतो.

आता पहिल्या दोन भोकांमधली वेब-पोस्ट, म्हणजे दोन भोकांच्या मधे उरलेला वेबचा खांब, बघा. तिथं शिअर १२८ उरतो. भोकांचं मध्यांतर ३७० मिमी, दोन्ही टींच्या (भोकाच्या वर-खाली उरणाऱ्या टी आकाराच्या भागांच्या) सेंट्रॉइडमध्ये, म्हणजे गुरुत्वमध्यांमध्ये, ४२० मिमी, म्हणजे आडवा शिअर ११३ किलोन्यूटन. पोस्टची कंबर (सर्वांत अरुंद रुंदी) १०० मिमी. ताण १५०, मर्यादा १३१ न्यूटन प्रति चौमिमी. जोड टिकेल, पोस्ट जाईल. पहिलं भोक प्लेट वेल्ड करून बुजवाच.

फॅब्रिकेटर, वाळूज
साहेब, सरसकट कामून? चाळीस बीमला ऐंशी प्लेटा होतात. वेल्डिंगनं वेब फुगतो, फिन प्लेट बसत नाही, मधे ३ मिमी फट राहते आणि पोरं बोल्ट आवळून वेब ओढतात. भार कमी असेल तिथं भोक तसंच राहू द्या.

डिझायनर, जालना
फट पडते ती घाईनं. प्लेट वेबच्याच जाडीची घ्या, आधी सहाही कोपरे टॅक करा (छोट्या ठिपक्यांनी वेल्ड करा), मग समोरासमोरच्या बाजू आलटूनपालटून भरा. एका दमात गोल फिरलात तर वेब वाकणारच. शिवाय बीमचे दोन भाग जोडणारा मधला जुना सांधा दुसऱ्या-तिसऱ्या बोल्टच्या मधोमध येतो. तो घासून सपाट केला नाही तर प्लेट त्यावरच टेकते, दोष मात्र बुजवणीला.

स्ट्रक्चरल इंजिनिअर, लातूर
दोघांशीही असहमत. डक्टसाठी (हवेच्या नळासाठी) दोनच भोकं हवी असतील तर कॅस्टेलेटेड घेताच कशाला? बिल्टअप बीम (प्लेटा वेल्ड करून बनवलेला) करा, गोल भोकं पाडा, पहिल्या भोकाची कड आधारापासून किमान बीमच्या खोलीइतकी आत ठेवा. बुजवायचं कामच उरत नाही.

फॅब्रिकेटर, वाळूज
बिल्टअपला चार लांब वेल्ड लागतात, तो खर्च कोण धरणार? बुजवणी करू, पण हिशोबानं: याच बीमला दुसऱ्या आणि तिसऱ्या भोकामधल्या पोस्टवर ताण १२९ येतो, म्हणजे टोकाला एकच प्लेट पुरते. अन् ती ड्रॉइंगवर दाखवा, वेल्डच्या मापासकट. उभारणी झाल्यावर फोनवरून सांगितलेली प्लेट शिडीवर उभं राहून नीट बसत नाही.

डिझायनर, जालना
१२९ मान्य, पण १३१ ला अगदी चिकटून आहे. पोस्टचं बकलिंग (दाबाखाली बाजूला वाकणं) वेगळं तपासल्याशिवाय तिथं सही करणार नाही.