मदत हवी आहे: मागच्या अंगणात पोहायचा पूल की स्पा? (मेलबर्न)

नमस्कार मंडळी,

मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या उपनगरात आम्ही दोन वर्षांपूर्वी घर घेतलं. मागे साधारण १२ बाय ८ मीटरचं अंगण आहे, सध्या नुसतं गवत. तिथे पूल किंवा स्पा (म्हणजे बसून शेकायची गरम पाण्याची टाकी) करायचाय, पण पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत. महिनाभर घोळ चाललाय, म्हणून इथे विचारतेय.

पूल हवाय तो लेकीसाठी. ती सात वर्षांची आहे आणि तिला पोहायला माझ्या बाबांनीच शिकवावं असं मला फार वाटतं. बाबा कोल्हापूरजवळच्या गावी पाठीला डबा बांधून विहिरीत शिकले, मलाही त्यांनी त्याच विहिरीत शिकवलं. आता ते ७१ वर्षांचे आहेत, दोन्ही गुडघे दुखतात. मागच्या खेपेला त्यांना इथल्या कौन्सिलच्या (म्हणजे नगरपालिकेच्या) कोमट पाण्याच्या तलावात नेलं, तर बाहेर येऊन म्हणाले, "पाण्यात गेलं की गुडघे आपले वाटतात." तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही.

अडचण अशी की बाबा येतात ते तिकडचं ऊन टाळायला, एप्रिल ते जुलै. नेमकी तेव्हा इथे थंडी. जुलैत भर दुपारीही पारा १४ च्या पुढे फारसा जात नाही. म्हणजे साध्या पूलमध्ये बाबा एकदाही उतरणार नाहीत.

तापवायचा म्हटलं तर मी हिशोब करून पाहिला. ७ बाय ३ मीटरचा, सरासरी १.४ मीटर खोल पूल म्हणजे २९ हजार लिटरच्या वर पाणी. ते १० अंशांनी तापवायला ३४० युनिट उष्णता लागते. हीट पंपाने (तो हवेतली ऊब ओढून पाण्यात सोडतो) त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढी वीज लागेल असं धरलं तरी ती पहिल्यांदा तापवण्याची झाली, रोज रात्री निवेल ते वेगळंच. स्पात १४०० लिटर. १५ वरून ३८ अंशांवर न्यायला ३७ युनिट पुरतात, आणि जाड झाकणाखाली ऊब टिकते. पण स्पात पोहता येत नाही!

बाबांना बीपीची गोळी चालू आहे. गरम पाण्यात बीपी उतरतो, उठताना चक्कर येऊ शकते, याची मला धास्ती आहे. कुणाच्या घरी वयस्क आईवडील स्पा वापरतात का? तापमान किती ठेवता? कुंपणाचा नियम स्पालाही तितकाच लागतो का?

प्रतिसाद

ताई, कुंपणाचं आधी सांगतो, कारण लोक तिथेच फसतात. तुमच्या राज्यात, व्हिक्टोरियात, ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी मावेल अशा पूल आणि स्पा, दोन्हींना कुंपण लागतं. उंची किमान १.२ मीटर, फाटक बाहेरच्या बाजूला उघडणारं आणि आपोआप बंद होणारं. कौन्सिलकडे नोंदणी करायची आणि दर चार वर्षांनी तपासणीचा दाखला द्यायचा. घराचं मागचं दार थेट पाण्याच्या आवारात उघडता येत नाही, तेव्हा १२ बाय ८ मध्ये पूल बसवलात तर उरलेलं अंगण कुंपणच खाईल. मी सिडनीत राहतो. न्यू साउथ वेल्समध्ये स्पाला लहान मुलांना उघडता न येणारं कुलूपबंद झाकण चालतं, तुमच्याकडे तेवढ्यावर भागत नाही.

माझी आई ७४ ची आहे, स्पा वापरते. आम्ही ३५ अंशच ठेवतो, ४० च्या वर तर कुणासाठीच नाही. दहा मिनिटं बसायचं, उठताना आधी कडेला टेकायचं, आणि कुणीतरी शेजारी हवंच. पण गोळ्या चालू आहेत तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाबांना उतरवू नका.

पाण्याची निगा स्पात जास्त, हे विक्रेते सांगत नाहीत. गरम पाण्यात क्लोरीन झटकन उडतं. शिवाय १४०० लिटरमध्ये चार जण बसले की घाणीचा तेवढाच भार तुमच्या पूलवर यायला ऐंशी माणसं लागतील. आम्ही एकदा तपासायचा आळस केला आणि दोघांच्या अंगावर पुरळ उठलं. आता प्रत्येक वेळी पट्टी बुडवून बघतो.

मला विचाराल तर स्पा घ्या. लेकीला कौन्सिलच्या बंदिस्त तलावात वर्षभर शिकता येईल. बाबांनाही सोबत न्या, कोमट तलावात तेच शिकवतील.

धागाकर्ती

खूप आभार. बाबांनी तिथे शिकवायचं, हे मला सुचलंच नव्हतं. विहीर काय नि कौन्सिलचा तलाव काय, हात धरणारा तोच. आज रात्री त्यांना फोन करून डॉक्टरांकडे जायला सांगते. उद्या मागच्या दारापासून कुंपणाची रेषा टेपने आखून बघणार आहे. स्पाखाली काँक्रीटचा ओटा किती जाड हवा आणि त्याच्या विजेसाठी वेगळी लाईन ओढावी लागली का, तेवढं कुणी सांगाल का?