गड चढायचा नाही, पण इतिहास बघायचाय: नगरच्या पुढे कुठे जाऊ?

सासवडकर
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत गाडी काढून तीन-चार दिवस फिरायचा बेत आहे. बरोबर आमचे आप्पा, निवृत्त इतिहास शिक्षक, आणि सातवीतले चिरंजीव. आप्पांचे गुडघे आता गडावर येऊ देत नाहीत आणि चिरंजीवांना इतिहास म्हणजे नुसत्या सनावळ्या वाटतात. भुईकोट, संग्रहालय, एखादी रणभूमी असं एका रस्त्यावर बसेल का? नगरपर्यंत ठरलंय, पुढचं सुचवा.

नगरी
रणगाड्यांचं संग्रहालय चुकवू नका. ६५ च्या युद्धात हाती लागलेला पाकिस्तानचा पॅटन रणगाडा मुलाला हात लावून बघता येईल. भुईकोट लष्कराकडे आहे, ओळखपत्रं जवळ ठेवा. १९४२ नंतर नेहरू, पटेल, मौलाना आझाद जिथे कैदेत होते, त्या खोल्या आप्पांना दाखवा.

बार्शीकर
यादी करत बसू नका, एका तोफेच्या मागे जा. मुलूखमैदान! ओतली नगरला, १५४९ साली. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती. १६३२ मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने ती विजापूरला नेली. (हो, तोच. ज्याच्या फौजेने पुणं बेचिराख केलं.) म्हणजे नगर, परांडा, विजापूर हा तुमचा रस्ता तोफेनेच आखून ठेवलाय.

परांड्याला निवांत वेळ द्या. सपाटीवरचा किल्ला, भोवती खंदक, दरवाजातून आत शिरताना इतकी वळणं की हत्तीला धावत येऊन धडक देता येऊ नये. बुरुजांवर अजून तोफा आहेत. मुलाला आधी त्या बघू द्या, लांबी पावलांनी मोजू द्या, आणि मग विजापूरला शेर्झा बुरुजावर मुलूखमैदानसमोर उभा करा. तोंडाशी सिंहाचा जबडा, दातांत चिरडलेला हत्ती. एवढं ५० टनांच्या वरचं धूड तेव्हाच्या रस्त्यांनी, वाटेत भीमा ओलांडून कसं नेलं असेल, हे त्यालाच विचारा. सनावळी आपोआप पाठ होते.

परांड्याहून बार्शी, सोलापूर करत जाल. सोलापुरात मुक्काम करून नळदुर्ग उरकता येतो. पाऊस चांगला झाला असेल आणि बोरी नदीचं पाणी बांधावरून पडत असेल तर नर-मादी धबधबे दिसतील, नाहीतर बांधाच्या पोटातला पाणीमहाल आहेच.

सासवडकर
तोफेची कल्पना आप्पांना फारच आवडली! पण ते म्हणतात खर्डा वाटेवर असताना सोडायचा नाही. तिथे बघण्यासारखं काय आहे?

बार्शीकर
आप्पांना दंडवत. नगर-जामखेड रस्त्याने या, खर्डा लागतोच, तिथून भूमवरून परांडा. खव्याचा मुलूख आहे, पेढे घ्या.

रणभूमी म्हणाल तर शेतंच. फलक शोधत बसू नका. किल्ल्यात जा. चौकोनी, लहानसा, चालत फेरी मारायला फार वेळ लागत नाही. मार्च १७९५ मध्ये पेशवे, शिंदे, होळकर, भोसले सगळे एकत्र चालून आले तेव्हा हैदराबादचा निजाम एवढ्याशा कोटात येऊन कोंडला गेला होता. बाहेर मराठ्यांच्या छावण्या, आत पाण्याचे हाल. शेवटी तह झाला, खंडणी आणि मुलूख तर गेलाच, वर आपला दिवाण मशीरुल्मुल्क त्याला मराठ्यांच्या हवाली करावा लागला. तटावर उभं राहून आप्पांनाच सांगू द्या, त्यांच्याइतकं चांगलं कुठला गाईड सांगणार? दुपारी मात्र जाऊ नका, सावली नाही.

नगरी
मग भातोडी पण घ्या की. नगरहून जवळ आहे. १६२४ मध्ये निजामशाहीच्या मलिक अंबरने तलावाचा बांध फोडून मोगल-आदिलशाही छावणीत पाणी घातलं ते इथे. शहाजीराजांचे भाऊ शरीफजी या लढाईत पडले, त्यांची समाधी गावात आहे.

बार्शीकर
बरोबर, आणि जामखेडच्या वाटेला फार वाकडीही नाही. एक राहिलं: गोलघुमटासमोरच्या नगारखान्यातलं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. विजापूरचा दिवस त्या हिशेबाने धरा.