९१ पर्सेंटाइल आणि वर्षाला सव्वा लाखाची ऐपत: पसंतीक्रम कसा लावावा?

उद्यमनगरकर (प्रश्न)

मुलाला अभियांत्रिकीच्या एमएचटी-सीईटी या राज्य प्रवेश परीक्षेत ९१.४ पर्सेंटाइल मिळाले आहेत. आम्ही खुल्या प्रवर्गातले. मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करतो, पत्नी शिवणकाम करते आणि तहसीलदारांच्या दाखल्यावर आमचे वार्षिक उत्पन्न ४ लाख ८० हजार आहे. धाकटीची नुकतीच दहावी झाली, म्हणजे थोरल्याच्या तिसऱ्या वर्षी तिचाही खर्च सुरू होणार. ओढाताण करून वर्षाला सव्वा लाख घालता येतील. मुलाला संगणक शाखा हवी आहे आणि तीही पुण्यात. पुण्याशिवाय नोकरी नाही, असे पाहुणेमंडळी त्याच्या कानात सांगत असतात. प्रवेश फेरीसाठी महाविद्यालयांचे पर्याय भरताना स्वस्त महाविद्यालये वर टाकावीत की आवडीची?

कसबा बावडा

पैशाचा हिशेब नाव यादीत घेण्यापूर्वी करावा. एकदा नाव घेतले की क्रम केवळ आवडीचा असावा. गुणवत्तेत बसणारा सर्वांत वरचा पर्याय दिला जातो, त्यामुळे स्वस्त म्हणून नावडते नाव वर टाकलेत तर तेच गळ्यात पडेल, आणि न परवडणारे नाव ‘बघू तरी’ म्हणून टाकलेत तर तेही लागू शकते. २०२५ च्या प्रवेशात पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसरीत पहिल्या तीन आणि तिसरीत पहिल्या सहांपैकी एखादी मिळाली की जागा आपोआप गोठत होती, म्हणजे पुढच्या फेरीत बदलता येत नव्हती. यंदाचा नियम सीईटी कक्षाच्या माहितीपुस्तिकेत वाचूनच वरची सहा नावे ठरवावीत.

शक्यता पाहताना नुसत्या पर्सेंटाइलवर विसंबू नये, कारण तेच पर्सेंटाइल दर वर्षी वेगळ्या गुणवत्ता क्रमांकावर येते. कटऑफच्या, म्हणजे शेवटच्या प्रवेशाच्या गुणांच्या, यादीत दोन्ही आकडे छापलेले असतात. त्यांतला क्रमांक मुलाच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. प्रवर्गाच्या संकेताचे शेवटचे अक्षरही पाहावे: ‘एच’ म्हणजे स्वतःच्या विद्यापीठ क्षेत्रातील जागा, ‘ओ’ म्हणजे बाहेरच्यांसाठीची आणि ‘एस’ म्हणजे राज्यस्तरीय. आपले क्षेत्र शिवाजी विद्यापीठाचे, म्हणजे कोल्हापूर, सांगली आणि सातारा. पुण्याच्या ‘एच’ रकान्यातील आकडा पाहून हुरळून गेलेले पालक मी पाहिले आहेत. ९१ वर सांगलीच्या वालचंदचे संगणक धरून चालू नये. कराडच्या शासकीय महाविद्यालयातील इतर शाखांचे आकडे मात्र पाहावेत, आणि त्यानंतर येथील केआयटी व डी. वाय. पाटील, इचलकरंजीचे डीकेटीई, इस्लामपूरचे आरआयटी.

पावती जपून ठेवणारा

वरील उत्तराशी सहमत आहे, पण खरी गफलत ‘फी’ या शब्दात होते. माझ्या मुलाच्या पहिल्या वर्षाच्या पावतीवर शिक्षण शुल्क, विकास शुल्क आणि इतर शुल्क अशा वेगवेगळ्या ओळी होत्या. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गातील मुलाला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मी रक्कम मिळते ती शिक्षण शुल्काची, खालच्या ओळींची नव्हे. शिवाय प्रवेश केंद्रीय फेरीतूनच झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यात गेलात तर ही सवलत गेली. आमच्या महाविद्यालयाने (नाव घेत नाही) आधी पूर्ण रक्कम भरून घेतली आणि शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी खात्यावर आली, म्हणून पहिल्या वर्षाचा हिशेब सवलत न धरताच करावा.

टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफी योजनेच्या, जागांवर शिक्षण शुल्क पूर्ण माफ असते. त्या मंजूर जागांच्या ५ टक्के, म्हणजे साठाच्या वर्गाला तीन. त्यांचा पर्याय ‘टी’ लावलेल्या वेगळ्या संकेताने भरावा लागतो आणि त्यांचे कटऑफ बहुधा बरेच वर असते. तरीही प्रत्येक आवडीच्या नावाच्या अगोदर त्याच शाखेचा ‘टी’ पर्याय टाकून ठेवावा. लागला नाही तर खालच्या पर्यायांच्या संधीवर काही परिणाम होत नाही.

पुण्याचा प्रश्न फीचा नसून खोली आणि मेसचा आहे. ही रक्कम बारा महिने जाते आणि तिच्यावर शिक्षण शुल्काची सवलत चालत नाही. अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजूर कुटुंबातील मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, पण आपण त्यात बसता का ते आधी तपासावे. कोल्हापुरातून येऊन-जाऊन शिकणाऱ्या मुलाला एसटीच्या मासिक पासात सुमारे दोन तृतीयांश सवलत मिळते. १९०१ साली शाहू महाराजांनी येथे वसतिगृह काढले ते खेड्यातल्या मुलांची राहण्या-जेवणाची सोय व्हावी म्हणूनच. अडचण सव्वाशे वर्षे जुनी आहे.

राजारामपुरी

दोन गोष्टी राहिल्या. इतर कोणत्याही आरक्षणात बसत नसाल तर ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) दाखला काढावा. मुलाला त्या जागांवर संधी मिळेल, आणि २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) व ओबीसी मुलींचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क आठ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला पूर्ण माफ असल्याने धाकटीलाही असाच दाखला कामी येईल. (तिचे शुल्क वाचेल म्हणून ते पैसे आताच पुण्याच्या खोलीकडे वळवू नयेत, ही विनंती.) दुसरे म्हणजे, साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला केंद्राच्या पतहमी योजनेत (बँकेला सरकारची हमी मिळते) तारण लागत नाही. तरीही ते चौथ्या वर्षासाठी राखून ठेवावे, पहिल्याच वर्षी पूर्ण उचलू नये.

उद्यमनगरकर

सर्वांचे आभार. काल रात्री मुलाला समोर बसवून वहीच्या मागच्या पानावर प्रत्येक नावापुढे पहिल्या वर्षाची पूर्ण रक्कम लिहायला लावली. पुण्याची चार नावे त्याने स्वतःच खोडली. एक ठेवले आहे, तेही ‘टी’ संकेताचे, आणि मित्राच्या खोलीत भागीदारीने राहण्याच्या बोलीवर. ईडब्ल्यूएस दाखल्यासाठी सोमवारी तहसील कार्यालयात जातो आहे.