हस्तकला मेळ्यात शिवलेल्या वस्तू ठेवताना लहान आणि स्वस्त निवडाव्यात, की मोजक्या आणि मोलाच्या?

डिचोलीची शिवणकरीण:
पाऊस ओसरला, चवथ म्हणजे गणेशचतुर्थी आटोपली की गोव्यात लोकोत्सव आणि सरस हे मेळे आणि गावोगावच्या जत्रा यांचे वेध लागतात आणि बचत गटांच्या बैठकांत एकच प्रश्न निघतो, तो म्हणजे यंदा शिवायचे काय. माझे मत मी आधीच मांडते. ज्यांना ते पटत नसेल त्यांनी कारणांसह खोडून काढावे.

मेळ्यातल्या टेबलावर मापाची वस्तू असूच नये, असे मला वाटते. कुर्ता किंवा फ्रॉक ठेवायचा म्हटला की एकाच नमुन्याची चार-पाच मापे शिवावी लागतात, घालून पाहायला आडोसा लागतो, आणि गिऱ्हाइकाला हवे असलेले माप नेमके संपलेले असते. उरलेला माल म्हणजे अडकलेले कापड आणि अडकलेले पैसे. त्यापेक्षा चेनचे पाऊच, चष्म्याची घरे, ओटीचे बटवे, घडी घालून पर्समध्ये मावणाऱ्या बाजाराच्या पिशव्या असा माल ठेवावा. हिशेबही सोपा आहे. 44 इंच पन्ह्याच्या एका मीटर सुती कापडातून 9 बाय 6 इंचांचे 28 तुकडे निघतात, म्हणजे 14 पाऊच होतात. शिवण्यापूर्वी कापड धुऊन ते तीन ते चार टक्के आटले, तरी हा आकडा बदलत नाही. अस्तराचे कापड तेवढेच लागते आणि उरलेल्या पट्ट्यांचे बंद होतात.

शिवाय पणजीत येणारा पर्यटक बहुधा विमानाने परतणारा असतो. देशांतर्गत प्रवासात सामानाची मर्यादा बहुतेक वेळा 15 किलोच असते, त्यामुळे हातात मावेल तेच तो घेतो.

फोंड्याचा वाचक:
ताई, कापडाचा हिशेब बिनचूक आहे, पण त्यात आपल्या हातांचा हिशेब कुठे आहे? चेन बसवायची, अस्तर जोडायचे, पाऊच उलटवून चारही कोपरे सुईने बाहेर काढायचे, वर इस्त्री करायची. हे सगळे चौदा वेळा करून जो भाव सांगायचा, तो ऐकून गिऱ्हाईक म्हणते की हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात असेच पाऊच निम्म्या किमतीला मिळतात. खोटे नसते ते. तिथे परराज्यांतून घाऊक आलेला माल असतो आणि त्याच्याशी दरात स्पर्धा करायला आपण बसलो, तर मजुरी शून्यावर येते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातही वेगळे काही घडत नाही.

दुसरीकडे मिळतच नाही अशी वस्तू ठेवली, तर तुलनाच संपते. माझ्या पत्नीच्या टेबलावर दोन-तीनच गोधड्या असतात, जुन्या सुती लुगड्यांच्या थरांवर दाट धावदोरा घातलेल्या. तिथे थांबलेला माणूस आधी ती उलटून टाके पाहतो आणि मग भाव विचारतो. दुसरे उदाहरण कुणबी चौकड्याचे. कुणबी आणि गावडा समाजातल्या बायकांचे हे तांबडे चौकड्यांचे लुगडे रोजच्या वापरातून जवळजवळ गेले होते. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी विणकरांना हाताशी धरून ते पुन्हा लोकांसमोर आणले, तेव्हा त्याकडे नव्याने पाहिले गेले. त्या कापडाचे टेबलरनर किंवा उशांचे अभ्रे गोव्याच्या मेळ्यात शोभतात आणि गोव्याच्याच भावाने विकले जातात.

मडगावची आजी:
दोघांच्याही बोलण्यात गिऱ्हाईक एकाच प्रकारचे दिसते, आणि तिथेच माझा विरोध आहे. लोकोत्सवाला पणजीतल्या कांपालच्या दर्या संगम मैदानावर जी गर्दी लोटते, तिच्यात सांग्याहून, वाळपईहून कुटुंबासह आलेली माणसे भरपूर असतात. त्यांना ना विमान पकडायचे असते, ना पर्यटकांसाठी शिवलेली वस्तू हवी असते. जत्रेत तर गिऱ्हाईक आपल्याच भागातले. तिथे ओटीचा बटवा विकला जातो, पण रनर अंथरायला घरी जेवणाचे टेबल आहे का, असा प्रश्न पडतो.

मापाची वस्तू नको, या नियमालाही माझी हरकत आहे. तान्ह्या बाळाची कुंची, झबले आणि दुपटे यांना माप विचारतोच कोण? बाळ नातवंड असते आणि पैसे आजी देते. तिला मऊ मलमल हवे असते, तेही आधी धुतलेले. मात्र गळ्याभोवती लांब नाडी नको आणि चोखताना सुटेल असे बटण किंवा टिकलीही नको, एवढे पथ्य पाळायलाच हवे. यंत्रावर दिवसाला डझनभर झबली काढता येतात, हे मी माझ्या हातावरून सांगते.

पेडण्याची शिंपीण:
स्वयंपाकघरातल्या वस्तूंबद्दल कोणी बोलले नाही म्हणून लिहिते. भांडी उचलायच्या जाड फडक्यांत पॉलिएस्टरचा कापूस भरू नये, कारण तापलेल्या भांड्याला तो वितळून चिकटतो. मायक्रोवेव्हमध्ये वाटीखाली ठेवायची कापडी बैठक हल्ली पुष्कळ जणी शिवतात. तिचे कापड, भरण आणि दोरा तिन्ही शंभर टक्के सुती हवेत आणि जरीकाठ तर मुळीच नको. हे जमत नसेल तर ती वस्तू टेबलावर ठेवू नये; पाऊच उसवला तर गिऱ्हाईक फक्त रागावते, इथे हात भाजतो.

आणि गोधडीचे कौतुक करणाऱ्यांनी जून ते सप्टेंबरचा विचार करावा. आपल्याकडच्या दमट हवेत प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवलेली गोधडी उघडली की बुरशीचा वास येतो, आणि तो एकदा थरात शिरला की उन्हानेही सहज जात नाही. धातूच्या चेनेला गंज चढतो तो वेगळाच. पावसाळ्यात नुसते बेतून, कापून ठेवावे आणि शिवण दसऱ्यापुढे घ्यावी, असे माझे मत आहे.

डिचोलीची शिवणकरीण:
आजींचे म्हणणे मला मान्य आहे. तान्ह्या बाळाचे कपडे मापाच्या नियमातून वगळायला हरकत नाही. पेडण्याच्या ताईंचा सल्ला मात्र अर्धाच पटतो, कारण दसऱ्यानंतर सुरुवात केली तर घरकाम सांभाळून शिवणारीच्या हातून टेबल भरण्याइतका माल होणार नाही. पावसात पाऊच शिवावेत आणि नायलॉनची चेन लावावी.

फोंड्याच्या दादांना एवढेच विचारते की जी बाई दिवसाचे भाडे भरून बसली आहे, तिने गोधडीसाठी थांबणारा एक माणूस येईपर्यंत काय करावे? दीडशेचा पाऊच दुपारपर्यंत भाडे काढून देतो. कुणबी चौकड्याबद्दलही माझी शंका आहे. बाजारात त्या नावाने यंत्रमागाचे तांबडे चौकडे सर्रास विकले जातात, आणि आपल्या गटातल्या किती जणींना हातमागाचे कापड बोटांनी ओळखता येते? ओळखता येत नसेल, तर तो भाव मागण्याचा हक्क आपल्याला कसा पोचतो?

फोंड्याचा वाचक:
ओळखता येत नसेल तर शिकावे लागेल, ताई, किंवा सरकारचे हातमाग चिन्ह (हँडलूम मार्क) असलेलेच कापड घ्यावे. ते चिन्ह 2006 पासून आहे. यंत्रमागाचे कापड वापरले तर ‘कुणबी नमुन्याचा चौकडा’ एवढेच चिठ्ठीवर लिहावे आणि भाव उतरवावा. भाड्याचा मुद्दा खरा आहे, हे मी नाकारत नाही, परंतु भाडे काढण्यासाठी टेबलाची पुढची कडा पाऊचना देणे वेगळे आणि अख्खे टेबल पाऊचनी भरणे वेगळे. आमच्याकडे पुढची ओळ पाऊचांचीच असते. वाद आहे तो मागच्या दांडीवर काय टांगायचे याचा, आणि तिथून मी गोधडी काढणार नाही.

मडगावची आजी:
दांडीवर गोधडी असू दे, बाबा, पण दुपट्याइतकी लहान गोधडीही शिवायला सांग घरी. मोठीचा भाव ऐकून परत फिरणारी आजी तीच घेते.