थ्रेशोल्ड (डोळ्याला जेमतेम दिसतं ती सीमा) मोजायचा, तोही घरच्या लॅपटॉपवर?

काळोखी_खोली:
काल कुणीतरी दिमाखात लिहिलं, 'क्वेस्ट आता ब्राउझरमध्ये चालतं, लॅबच्या अंधाऱ्या खोल्या मोडीत काढा.' तेव्हापासून डोक्यात जातंय. क्वेस्ट म्हणजे वॉटसन-पेलींची १९८३ची पद्धत, गणित चोख, वाद नाही. पण मागच्या उत्तरांवरून पुढची पट्टी किती फिकी दाखवायची, एवढंच ती ठरवते. नाइट मोड चालू आहे की बाईसाहेब उन्हात खिडकीशी बसल्यात, हे तिला कोण सांगणार? त्यात साध्या स्क्रीनवर करड्याच्या जेमतेम २५६ छटा. मधल्या छटेपासून एक पायरी वर, एक खाली, की सरळ हिशेबाने ०.८ टक्के कॉन्ट्रास्ट, म्हणजे फिक्या-गडदातला फरक, झाला. चांगला डोळा त्याच्याही खालचं ओळखतो. म्हणजे तुम्ही मोजताय स्क्रीन, छापताय डोळा.

दोन_खाली_एक_वर:
झालं? अहो, मला आकडा नकोच, फरक हवाय. एकाच माणसाला, एकाच बैठकीत, दोन स्टेअरकेस, म्हणजे बरोबर उत्तरांना अवघड आणि चुकीला सोपे होत जाणारे जिने, आलटूनपालटून दिले की स्क्रीनची खोट दोन्हीकडे सारखीच. लॉकडाउनमध्ये लॅबला कुलूप होतं. प्रयोग सायकोपाय या सॉफ्टवेअरवर बांधून पाव्हलोविया या साइटवर चढवला म्हणून माझी पीएचडी झाली.

काळोखी_खोली:
दोन्ही जिने स्क्रीनच्या फिकेपणाच्या तळाला टेकले तर फरक शून्य. अभिनंदन, डॉक्टर.

आत्याची_भाची:
छटा राहू द्या, अंतराचं बोला. माझ्या प्रयोगात सुरुवातीलाच होतं, 'बँकेचं कार्ड स्क्रीनला लावा, चौकोन तेवढा करा.' कार्ड सगळीकडे ८५.६ मिमी रुंद, त्यावरून स्क्रीनचा आकार, मग अंधबिंदूवरून, म्हणजे नजरेच्या कडेला ठिपका जिथे गायब होतो त्यावरून, डोळ्याचं अंतर. आत्याने लिंक उघडली, कार्डाचं नाव वाचून लॅपटॉप मिटला आणि घरच्या ग्रुपवर टाकलं, 'हिचं अकाउंट हॅक झालंय, कुणी ओटीपी देऊ नका.' सगळं सासर-माहेर गळालं.

सोलापूरची_चादर:
पॅन कार्ड सांगायचं की. माप तेच.

आत्याची_भाची:
म्हणजे ओटीपीवरून थेट इन्कम टॅक्स!

पेठेतला:
मेट्रोचं कार्ड सांगा. त्याला कोण घाबरतंय?

सोलापूरची_चादर:
आमच्याकडे कुठली मेट्रो? तुमचं सॅम्पल म्हणजे डेक्कन ते कोथरूड, आणि वर 'मानवी दृष्टी' असा मथळा!

पेठेतला:
चालू झालं रडगाणं. मेट्रो काय आम्ही पळवली?

काळोखी_खोली:
मी छटांबद्दल लिहिलं होतं. तुम्ही पाकिटं काढून बसलात.

दोन_खाली_एक_वर:
बरं, कॉन्ट्रास्टपुरतं तुमचं खरं, पेढे वाटा. गर्दीतलं अक्षर ओळखणं, हालचालीची दिशा ओळखणं, हे घरी नीट होतं, त्यावर मी ठाम आहे. आणि तुमच्या पवित्र अंधाराचं सांगू? माझ्या पहिल्या प्रयोगात हजेरीसाठी आलेला एक पोरगा हनुवटी टेकवून चक्क झोपला. बोट मात्र चालू. दोनदा बरोबर आलं तरच जिना एक पायरी उतरणार, पर्याय दोनच, म्हणून याचा अंदाज निम्म्या वेळा चुकणार आणि दर चुकीला जिना एक पायरी चढणार. गेला तो थेट छताला. ९८ टक्के कॉन्ट्रास्टची पट्टी दिसेना त्याला!

काळोखी_खोली:
तो झोपलाय हे तुम्हाला दिसलं तरी. घरी कोण बघतं?

आत्याची_भाची:
आत्या आत्ता विचारतेय, ते खरंच तुझं होतं का. मी नाही म्हणाले.